बुधवार खाणारं घर

काही माणसांना दुसऱ्याच्या पैशाची काळजी असते, काहींना दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाची. आमच्या साहेबांना दुसऱ्याच्या रात्रीच्या जेवणाची होती. सकाळचा चहा, दुपारचा डबा यांत त्यांना फारसा रस नव्हता. माणसाचं वाटोळं होतं ते रात्रीच्या जेवणात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि मत मनात ठेवायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या फर्ममध्ये मी नोकरीला आहे. खाली दुकान, वर ऑफिस, मधे एक उभा जिना. साहेब तिथे मॅनेजर होऊन आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. मी उधारीचे आकडे पाठ करून गेलो. साहेबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर माझ्या शर्टाच्या चौथ्या बटनावर होती, जे बिचारं तेव्हा फार ताणात होतं.

"काल रात्री किती वाजता जेवलात?"

"साडेदहा झाले असतील साहेब. माल आला होता ना."

"काय जेवलात?"

"वांग्याची भाजी, पोळ्या, आणि थोडा भात."

"थोडा म्हणजे?"

मी दोन्ही हातांनी डोंगर करून दाखवला. साहेबांनी डोळे मिटले. घरात कोणी गेल्याची बातमी ऐकल्यावर माणूस बसतो तसे ते बसले. मग म्हणाले, "सूर्य मावळला की पोट दुकान बंद करतं. तुम्ही शटर वाजवत बसता."

मी "हो साहेब" म्हणालो. मी सगळ्यालाच "हो साहेब" म्हणतो. त्याच भांडवलावर माझी इतकी वर्षं निघाली. केबिनमध्ये हो म्हणायचं आणि खाली उतरून कोपऱ्यावर तर्री-पोहे खायचे, असा माझा आहारविषयक समतोल होता.

साहेबांचा सिद्धांत असा, की कामाच्या माणसाला रोज रांधायला वेळ नसतो, म्हणून तो अरबट-चरबट खातो. तेव्हा आठवड्याची सगळी रात्रीची जेवणं रविवारीच करून ठेवावीत, डब्यांत भरावीत, डब्यांवर वार लिहावेत आणि रोज संध्याकाळी साडेसहाला सगळ्या कुटुंबानं एकत्र बसून त्या वाराचा डबा खावा. ऐकायला सुरेख. मलाही पटलं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती वरणाला फोडणी देत होती.

तिनं एवढंच विचारलं, "रविवारी रांधतं कोण? साहेब?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी आडून आडून मिळवलं. रांधायच्या वहिनी, म्हणजे साहेबांच्या बायको. वहिनी एका शाळेत शिकवायच्या, आणि आठवड्यातली त्यांची एकुलती एक सुट्टी चार शेगड्यांपुढे जायची. साहेबांकडे नियोजन होतं. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून डब्यांना चिठ्ठ्या लावायचे.

त्यामुळे त्यांच्या प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये पदार्थांना नावंच उरली नव्हती. एकदा काही कागदांवर सही घ्यायला मी संध्याकाळी घरी गेलो. साहेब बाहेरच्या कामावरून परस्पर घरी यायचे होते, अजून पोचले नव्हते. त्यांची मुलगी दार उघडून आत ओरडली, "आई, आज काय आहे गं?"

आतून वहिनी म्हणाल्या, "बुधवार."

"मी बुधवार नाही खाणार. बुधवार कडू लागतो."

"मग शुक्रवारातला थोडा देते."

"शुक्रवारात दुधी आहे!"

मी सोफ्यावर बसून ऐकत होतो. माझ्या घरी बायको-पोरं भेंडीसाठी भांडतात. इथे माणसं वारांना घाबरत होती.

आणि ह्या सगळ्या एकत्र कौटुंबिक जेवणात एकच माणूस नसायचा, तो म्हणजे साहेब. गांधीबागेत साडेसहाला कोण सुटतो? तेव्हा तर बाहेरगावचे व्यापारी हिशेबाला बसतात. साहेबांनी त्यावर तोड काढली होती. साडेसहा झाले की ते केबिनचं दार लोटायचे, कापडाच्या नमुन्यांच्या पुस्तकाला फोन टेकवून उभा करायचे, समोर आपला डबा उघडायचे आणि व्हिडिओवर घरच्यांसोबत जेवायचे. दाराला काच होती. आम्हाला सगळं दिसायचं, ऐकूही यायचं.

"हळू चाव. अजून चाव. आजोबांच्या फोटोकडे नको बघू, ताटाकडे बघ. अगं, तू ताट घेऊन कुठं चाललीस? कॅमेऱ्यात ये."

एकदा वरोऱ्याचा एक जुना व्यापारी काचेतून बराच वेळ पाहत राहिला आणि मला हळूच म्हणाला, "काहून गा, तुमच्या साहेबाले घरच्यांनी बाहेर काढलं का?"

साहेब ढोंगी असते तर परवडलं असतं. आम्ही त्यांना रंगेहाथ पकडायचे फार प्रयत्न केले. पार्टी ठेवली, वऱ्हाडी रस्सा मागवला, त्यांच्या टेबलाजवळून मुद्दाम भज्यांची ताटली नेली. माणूस ढिम्म. खरोखरच तो ते उकडलेलं खायचा आणि वर म्हणायचा, "चव ही नुसती सवय असते." ढोंगी माणसाला निदान दुसऱ्याच्या मोहाची कल्पना असते. साहेबांना ती नव्हती. देवानं त्यांना जीभ फक्त बोलायला दिली होती, आणि ते तिचा पुरेपूर उपयोग करत होते.

आम्हाला जेवणाची निमंत्रणंही यायला लागली, म्हणजे आमच्याच घरच्या जेवणाची. मीटिंग ठरवायचं जे कॅलेंडर फोनमध्ये असतं, त्यातून साहेब सगळ्या स्टाफला रोज संध्याकाळची सूचना पाठवायचे: "रात्रीचे जेवण. सहभागी होणार?" खाली तीन पर्याय. हो, नाही, मेबी. मी अर्थातच रोज "हो" दाबायचो. बायको म्हणायची, "मी वाढलेल्या ताटावर बसायला तुम्ही त्यांची परवानगी घेता, अन् मला विचारत नाही." मी हे हसण्यावारी नेलं. माझं बहुतेक सगळं मी हसण्यावारीच नेतो.

मग त्या वर्षी साहेबांच्या घरी महालक्ष्म्या आल्या.

त्यांचं मूळ घर पारशिवनीकडचं. धाकटा भाऊ तिथे शेती करतो, आई त्याच्याजवळ. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आई आजवर गावीच बसवत होती. आता तिचे गुडघे गेले होते. तिनं सांगितलं, "यंदा नागपूरले मोठ्याच्या घरी बसवून पाहतो. तिथं नीट झालं तर मुखवट्याची पेटी तिथंच ठेवतो. नाई तर धाकट्याले देतो. मंग मले इचारू नोका." पेटी एकदा दिली की दिली, पिढीभराचा प्रश्न. साहेबांनी ती थोरल्याचा हक्क म्हणून धरली होती. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात मनापासून मागितलेली ती एकच गोष्ट असेल जिच्यात कॅलरी भरपूर होत्या.

पण त्यांच्यापेक्षा जास्त ती पेटी वहिनींना हवी होती. माझी बायको आदल्या दिवशी फुलोऱ्याच्या करंज्या करू लागायला गेली होती. परत येऊन तिनं सांगितलं, "मी म्हटलं, कशाला एवढं राबणं मागून घेता? तर म्हणाल्या, ह्या दिवशी ते सुट्टी घेतात. वर्षातून एक दिवस तरी माणूस रात्री घरी जेवेल." बायकोनं पदराला लागलेलं पीठ झटकलं. मग म्हणाली, "तुमचे साहेब म्हणजे नं..." आणि वाक्य तिनं तिथंच सोडलं. अशी वाक्यं ती पूर्ण करत नाही. उरलेलं माझ्या अंगावर येतं.

महालक्ष्मीचं आवतन घरोघरी जाऊन, कुंकू लावून द्यायचं असतं. साहेबांनी ते कॅलेंडरवरून पाठवलं. माझ्या फोनवर आलं: "महालक्ष्मी भोजन, पहिली तुकडी. सात दहा ते सात पस्तीस." मी "हो" दाबलं. हे त्यांच्या आईला कळलं ते आम्ही पोचल्यावर, आमच्यादेखत. म्हातारी हॉलमध्ये महालक्ष्म्यांपुढे पाय लांब करून बसली होती.

"आवतन द्याले कोण गेलतं रे?"

"पाठवलं आई सगळ्यांना. फोनवर."

"फोनवर? मंग किती जनं येतेत?"

"बरेचसे येतील. काही नाही म्हणाले. बाकीचे मेबी आहेत."

"मेबी म्हंजे काय?"

"म्हणजे येतील किंवा नाही येणार. बघून ठरवतील."

म्हातारीनं एकदा मुखवट्यांकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. "महालक्ष्मीले कोनी मेबी म्हनते का रे बाप्पा?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पूजा लांबली होती. आरती सुरू असतानाच दुसऱ्या तुकडीतली माणसं दारात येऊन चपला काढायला लागली, आणि साहेब टाळ्या वाजवता वाजवता बोटांनी त्यांना "थांबा, थांबा" असं खुणावत होते. जमिनीवर एकाच वेळी इतके पाय आणि इतक्या चपला मी लग्नाच्या हॉलबाहेरच पाहिल्या आहेत.

शेवटी पानं मांडली. आम्ही पहिल्या तुकडीचे, म्हणून बसलो. बायको सवाष्ण म्हणून, मी तिचा नवरा म्हणून. माझी एकूण पात्रता तेवढीच. पानावर जे आलं त्याचं वर्णन करायला मला वाईट वाटतं. सोळा भाज्या होत्या, पण प्रत्येकीचा एक एक घास. वडे वाफवलेले; ते पानावर पडले तेव्हा आवाज झाला नाही, उसासा झाला. आंबील तेवढी पास झाली होती, कारण ती आंबवलेली असते आणि साहेबांच्या मते तिच्यात आपल्या कामाचे जंतू असतात. पुरणपोळी प्रत्येकी अर्धी. ती वहिनींच्या हातून निघायची, दारात उभ्या असलेल्या साहेबांच्या छोट्या वजनकाट्यावर क्षणभर टेकायची आणि मग आमच्याकडे यायची. विमानतळावर माणसाची तपासणी करतात तशी.

मग साहेबांनी घसा साफ केला.

"मंडळी, एक विनंती. आपल्याकडे आग्रह नाही. आग्रह म्हणजे दुसऱ्याच्या यकृतावर अतिक्रमण. सावकाश जेवा. सात पस्तीसपर्यंत वेळ आहे."

विदर्भात महालक्ष्मीच्या पंगतीत आग्रह नाही! त्यापेक्षा महालक्ष्म्याच नाहीत म्हणाले असते तर लोकांनी समजून घेतलं असतं. पंगतीतले सगळे हात पानावरच थांबले. चमचे नव्हते म्हणून, नाही तर ते खाली पडल्याचा आवाज आला असता.

म्हातारी भिंतीला धरून उठली. गुडघे दाबत, एक हात प्रत्येकाच्या खांद्यावर टेकवत ती पंगतीतून आली. दुसऱ्या हातात तुपाची वाटी. तूप तिनं घरच्या गाईचं, गावाहून बरणीत आणलेलं. त्याचा वास तिच्याआधी माझ्यापर्यंत पोचला. ती माझ्यापुढे थांबली. कदाचित माझ्याकडे पाहून तिला वाटलं असेल, हा तरी आपला माणूस दिसते.

"घे गा बापू. कोरडी पोयी कोनी खाते का?"

तिनं वाटी कलती केली आणि साहेबांनी मागून येऊन तिचं मनगट धरलं.

"आई. त्यांना शुगर आहे."

आहे, हे खरं. पण सगळ्या पंगतीला ते सांगायची गरज नव्हती. त्याहून वाईट, साहेबांनी मनगट सोडलं नाही. म्हातारीचा हात तसाच अधांतरी. वाटीच्या काठाला तूप येऊन थांबलेलं. मुखवट्यांपुढे, पाहुण्यांदेखत, पोटच्या पोरानं वाढता हात धरलेला. म्हातारी मुलाकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. आणि मी? मी इतक्या वर्षांच्या सवयीनं पानावर आडवा हात धरला. तोंडातून "हो साहेब" निघायचं तेवढं राहिलं होतं. बायकोनं कोपरानं मला असं ढोसलं की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं.

वहिनी पोळ्यांचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. माझ्या माहितीत ह्या बाईनं साहेबांना कधी नाही म्हटलं नव्हतं. व्हिडिओवर सांगितलं की ताट घेऊन कॅमेऱ्यात यायच्या. त्या आल्या, आणि साहेबांची बोटं त्यांनी सासूच्या मनगटावरून एकेक करून काढली.

"सोडा," त्या म्हणाल्या. "आज माझ्या घरी पाहुणे आहेत."

मग सासूच्या हातातली वाटी घेऊन माझ्यापुढे वाकल्या. "भाऊजी, हात काढा."

"अहो वहिनी, खरंच बस..."

"काढा म्हणते ना. नाही तर हातावर वाढीन, अन् चाटत बसा सगळ्यांपुढे."

पंगत हसली. मी हात काढला. तुपाची धार पडली, आणि खरं सांगतो, त्या अर्ध्या पोळीवर ती मावली नाही. "अजून एक पोळी आणा हो, तूप वाया चाललं," वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या. बायको पानावरून उठलीच. मग काय, पंगत सुटली. कोणी कढी मागितली, कोणी "भज्यांचं काय झालं?" म्हणून विचारलं. पोळ्या दोनदा फिरल्या आणि संपल्या. नियोजन इतकं चोख होतं की दुसऱ्या तुकडीला काही उरलंच नव्हतं. महालक्ष्मीच्या दिवशी घरात अन्न कमी पडणं म्हणजे काय, हे म्हातारीच्या तोंडावर दिसलं. पण वहिनींनी बाकीची डाळ शिजायला टाकली, वाफवायला ठेवलेल्या वड्यांचं पीठ ओढलं आणि कढई चढवली. तेलात पहिला वडा पडला तो आवाज ऐकून त्यांची मुलगी धावत स्वयंपाकघरात आली आणि शेगडीपुढे उभी राहून पाहत राहिली. म्हातारी स्टुलावर बसून पोळ्या लाटायला लागली. ते स्टूल साहेबांचं. चिठ्ठ्या लावायचं.

दुसरी पंगत मेबीवाल्यांसकट जेवली. साहेब गॅलरीत उभे होते. फर्मच्या मालकाचा, सेठचा फोन आला होता, सुरतेच्या मालाचा. ते बराच वेळ बोलत होते. मी हात धुवायला गेलो तेव्हा पाहिलं, त्यांचं पान वाढून ठेवलं होतं आणि कोणी बसलं नव्हतं.

महालक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशी, विसर्जनाला, साहेब ऑफिसात होते. सकाळीच मला म्हणाले, "माल उतरतो आहे, मला हलता येणार नाही. तुमची गाडी आहे ना? आईला पारशिवनीला सोडून या. पेटी असेल बरोबर, जपून." पेटी परत गावी जाणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. चेहरा नेहमीसारखाच होता, पण टेबलावर रोजचा डबा त्या दिवशी नव्हता. मी "हो साहेब" म्हणालो.

प्रतापनगरला पोचलो तर म्हातारी तयार होती. हातात एक कापडी पिशवी. वहिनी पाया पडल्या. म्हातारी गाडीत बसली, मी मागे पाहिलं.

"आई, पेटी राहिली का?"

"तू गाडी चालव. पयले गांधीबागेत घे."

तो उभा जिना ती दर पायरीला थांबत चढली. मी मागून, न जाणो पडली तर म्हणून. पडली असती तर दोघंही खाली गेलो असतो. केबिनचं दार तिनं हातानं ढकललं. साहेब उभे राहिले. बहुतेक रात्रभर तयार केलेलं त्यांनी एका दमात म्हणून टाकलं, "आई, महालक्ष्म्या धाकट्याला दिल्या तरी माझी हरकत नाही. तिकडे जागा मोठी आहे. माझं वेळापत्रक बरोबर होतं, पूजा लांबली म्हणून..."

"देल्ल्या," म्हातारी म्हणाली. "तुयाच घरी हायेत."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. शब्दाविना उघडं राहिलेलं मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

"मला दिल्यास?"

"तुले काहून देईन? सुनेले देल्ल्या. तिनं मले सांगतलं तिले काहून पायजे थे." ती खुर्चीवर बसली नाही. टेबलाला धरून उभी राहिली. "रांधाचं आता सून पाहील. कोनाले किती वाढाचं थेई सूनच पाहील. तू त्याच्यात पडू नोको. तू फक्त घरी जेवाले येत जाय."

"येईन आई. दर वर्षी येईन. सुट्टी टाकतो मी."

"दर वर्षी नाई. रोज."

साहेब हळूच खुर्चीत बसले. बाहेर हमाल गाठी टाकत होते, खालून धप्प, धप्प आवाज येत होता. एक क्षण मला वाटलं, हा माणूस आता रडणार. मी नजर वळवायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्यांचा हात सवयीनं माऊसकडे गेला, पडद्यावर कॅलेंडर उघडलं, आणि त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "किती वाजता?"

म्हातारीनं पिशवी उचलली.

"चाल गा बापू," ती मला म्हणाली. "मले भूक लागून राहिली."